एका स्टेपची समीकरणं: क्षला एकटं कसं पाडायचं, अगदी पहिल्यापासून

सहावी-सातवीत समीकरणं सुरू झाली की घरोघरी एक वाक्य ऐकू यायला लागतं, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं", म्हणजे संख्या = च्या दुसऱ्या बाजूला नेली की + चा − होतो. दादा सांगतो, शेजारचे काका सांगतात, ट्यूशनमध्येही घाई असली की हेच सांगतात. माझी अगदी मनापासून विनंती आहे, नवीन शिकणाऱ्या पोराला सुरुवातीचे काही आठवडे हे वाक्य सांगूच नका. ते वाक्य खोटं आहे असं नाही, पण ते शेवटी यायचं वाक्य आहे आणि ते आधी आलं की काय होतं हे मी इथे नागपुरात, मानेवाड्यात, पोरांना शिकवताना सारखं बघते, खाली त्याचं एक उदाहरण देतेच. हा लेख ज्यांनी समीकरण आजवर सोडवलंच नाही त्यांच्यासाठी आहे, आणि ज्या आईबाबांना मुलांचा होमवर्क घ्यायचाय पण स्वतःचं शाळेतलं सगळं विसरायला झालंय त्यांच्यासाठीही.

आधी बरोबरच्या चिन्हाचं बघू

समीकरण म्हणजे दोन बाजू आणि मध्ये = हे चिन्ह. डाव्या बाजूची किंमत आणि उजव्या बाजूची किंमत सारखी आहे, एवढंच ते चिन्ह सांगतं. पण पोरांना पहिलीपासून सवय लागलेली असते की = आलं म्हणजे आता उत्तर लिहायचं, ३ + ४ = म्हटलं की लगेच ७. तुमच्या घरच्या पोराला हे विचारून बघा:

८ + ४ = ▢ + ५

चौकटीत काय येईल? बरीच पोरं धाडकन १२ लिहितात, कारण ८ आणि ४ ची बेरीज १२ आणि त्यानंतर = आहे म्हणजे तिथे उत्तर हवं असं त्यांना वाटतं. खरं उत्तर ७, कारण डावीकडे १२ आहेत तर उजवीकडेही १२ व्हायला पाहिजेत. इथे पोरगं अडलं असेल तर पुढे जाऊच नका, अशी आठ-दहा चौकटीवाली गणितं करून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. हे चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा आणलं वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डने, १५५७ साली, आणि त्याने दोन समांतर सारख्या लांबीच्या रेघाच का निवडल्या तर त्याच्या मते यापेक्षा जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. पोरांना हे सांगितलं की त्यांच्या बरोब्बर लक्षात राहतं, मी सांगतेच.

आता चौकटीच्या जागी एक अक्षर ठेवायचं, बस. शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी इथे क्ष लिहिते आहे, तुम्ही वहीत पुस्तकातलंच लिहा. क्ष म्हणजे अशी संख्या जी आपल्याला अजून माहीत नाही, तिला चल म्हणतात. ६क्ष लिहिलं असेल तर ६ गुणिले क्ष, आणि क्ष/४ म्हणजे क्ष भागिले ४. मध्ये गुणिलेचं चिन्ह दिसत नाही म्हणून नवीन पोरं ६क्ष बघून गोंधळतात, क्षची किंमत ५ असली की ६क्षला ६५ समजतात, तर ते एकदा तोंडाने म्हणून घ्यायचं, "सहा वेळा क्ष".

क्षची जी किंमत टाकली की दोन्ही बाजू सारख्या होतात ती त्या समीकरणाची उकल. आपल्याला ती शोधायची.

दोन्ही बाजूंना सारखं

कॉटन मार्केटमध्ये भाजीवाल्याकडे दोन पारड्यांचा जुना तराजू बघितला असेल. काटा मध्यावर आहे, आणि तुम्ही एका पारड्यातून पाव किलोचं वजन उचललं तर दुसऱ्यातून पण तेवढंच काढावं लागतं, नाहीतर काटा गेला. समीकरणाचं तसंच. एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूला करायचं, मिळवलं तर मिळवायचं, भागलं तर भागायचं. असं केलं की बरोबर बरोबरच राहतं. फक्त शून्याने भागायचं नाही, ते गणितात चालतच नाही, आणि दोन्ही बाजूंना शून्याने गुणून पण उपयोग नाही कारण ० = ० उरतं आणि क्ष हातातून जातो.

आता दोन्ही बाजूंना करायचं काय, तर क्षला जे काही केलेलं आहे त्याच्या उलट. बेरजेची उलट क्रिया वजाबाकी, वजाबाकीची बेरीज, गुणाकाराची भागाकार आणि भागाकाराची गुणाकार. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये हे एका श्लोकात बसवलंय की उलटं जाताना गुणणारा भागणारा होतो, भागणारा गुणणारा होतो, मिळवलेलं वजा करायचं आणि वजा केलेलं मिळवायचं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत पण ही रीत आहे. म्हणजे आपल्याकडे पोरं हे दीड हजार वर्षांपासून शिकताहेत, तुमचं पोरगंही शिकेल, टेन्शन घेऊ नका.

तर स्टेप्स अशा. आधी पेन खाली ठेवून क्षकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, क्षला काय करून ठेवलंय? मग त्याची उलट क्रिया ठरवायची. मग ती दोन्ही बाजूंना लिहायची, मनात नाही, कागदावर. शेवटी पडताळा, म्हणजे आलेली किंमत क्षच्या जागी टाकून दोन्ही बाजू सारख्या होतात का ते बघायचं. बहुतेक पोरं पहिली स्टेप सोडतात, संख्या बघतात आणि हात चालवतात, सगळा घोटाळा तिथेच होतो.

बेरीज आणि वजाबाकी

क्ष + ९ = २५

क्षला काय केलंय? ९ मिळवलेत. उलट काय? ९ वजा. दोन्हीकडे.

क्ष + ९ − ९ = २५ − ९
क्ष = १६

पडताळा: १६ + ९ = २५. जमलं.

दुसरं, क्ष − ७ = १५. इथे ७ वजा केलेत म्हणून ७ मिळवायचे, क्ष − ७ + ७ = १५ + ७, म्हणजे क्ष = २२. मधली ओळ लिहायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, "ताई, डायरेक्ट दिसते ना" असं पोरं म्हणतातच, आणि खरंच दिसतं, पण ती ओळ उत्तरासाठी नाहीये, पुढे अवघड समीकरण आलं की हाताला सवय असावी म्हणून आहे. सुरुवातीला मी ती ओळ नसली की बरोबर उत्तराला पण अर्धेच मार्क देते.

क्ष + १२ = ५ आलं की पोरं थांबतात, कारण १२ मिळवून ५ कसे होतील? होतात, क्ष ऋण असला की होतात. दोन्हीकडून १२ वजा करा, क्ष = ५ − १२ = −७. पडताळा: −७ + १२ = ५. रीत तीच आहे, उत्तर माइनसमध्ये आलं म्हणून पुसून टाकायचं नाही. दशांश आला तरी तेच, क्ष + २.७५ = १० तर क्ष = ७.२५.

आणि क्ष उजवीकडे असला तर? १८ = क्ष + ४. काहीच बदलत नाही, दोन्हीकडून ४ काढा, १४ = क्ष, हवं तर उलटं लिहा क्ष = १४. मात्र पोरांना असं उदाहरण मुद्दाम द्या, नाहीतर क्ष कायम डावीकडेच राहतो असं डोक्यात बसतं.

गुणाकार, आणि त्या "पलीकडे"ची गोष्ट

५क्ष = ३५ हे गणित मी फळ्यावर लिहिलं आणि सहावीतल्या एका हुशार पोराने वहीत लिहिलं, क्ष = ३५ − ५ = ३०. मी विचारलं, हे काहून केलं? म्हणे, "ताई, पाच पलीकडे गेला का मायनस होते ना". त्याचं लॉजिक त्याच्या जागी बरोबर होतं, त्याला जे सांगितलं गेलं होतं ते त्याने इमानदारीत वापरलं. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, ३० ला पाचने गुणून बघ. "दीडशे." आणि पाहिजेत किती? पस्तीस. तो वहीकडे बघत राहिला. मग मी विचारलं, तो पाच क्षला काय करून राहिला? "गुणून राहिला." मग उलट काय? "भागा लागते." आणि स्वतःच ३० वर काट मारून त्याने नीट लिहिलं:

५क्ष ÷ ५ = ३५ ÷ ५
क्ष = ७

त्याच्या शेजारच्या मुलीने भागाकार केला होता पण −५ ने, कारण चिन्ह बदलतं ना! म्हणजे एकाच वाक्यातून दोन वेगळ्या चुका. म्हणून माझं म्हणणं आहे की आधी उलट क्रिया शिकवा. काही आठवडे दोन्ही बाजूंना लिहून झालं की पोरांना आपोआप दिसतं की डावीकडचा +९ नाहीसा होऊन उजवीकडे −९ म्हणून उगवतो, मग ती शॉर्टकट खुशाल वापरू द्या, पण तेव्हाही "चिन्ह बदलतं" म्हणू नका, "क्रिया उलटते" म्हणा.

पुढे जाऊ. ६क्ष = ९०, दोन्ही बाजूंना ६ ने भागा, क्ष = १५. ८क्ष = २०, ८ ने भागा, क्ष = २०/८ = ५/२ म्हणजे २.५. पूर्ण भाग गेला नाही म्हणून उलट ८ लाच २० ने भागायला घेणारी पोरं पण आहेत, ८ ÷ २० की २० ÷ ८ असा गोंधळ होतो, तर लक्षात ठेवायचं की क्षच्या जवळचा आकडा, ज्याला सहगुणक म्हणतात, तो छेदात जातो.

ऋण सहगुणक थोडा निवांत बघा. −३क्ष = २१. क्षला −३ ने गुणलंय, फक्त ३ ने नाही, म्हणून भागायचं पण −३ नेच. क्ष = २१ ÷ (−३) = −७. इथे पोरं दोन चुका करतात, एक तर ३ ने भागून ७ लिहितात, नाहीतर माइनस दिसला म्हणून ३ मिळवतात आणि २४ लिहितात. पडताळ्यात दोन्ही पकडली जातात: −३ × ७ = −२१ येतं, २१ नाही. आणि −क्ष = ८ असं नुसतं आलं तर समजायचं −१ गुणिले क्ष, म्हणून क्ष = −८.

भागाकार आणि अपूर्णांक

क्ष/४ = १२. इथे ४८ यायला पाहिजेत, पण भागाकार बघून हात आपोआप भागाकाराकडे जातो आणि ३ लिहिला जातो. क्षला ४ ने भागलेलं आहे म्हणून ४ ने गुणा, क्ष = ४८. पडताळा ४८ ÷ ४ = १२.

(२/३)क्ष = १४ हे दिसायला अवघड आहे, आहे एकाच स्टेपचं. २/३ ने गुणलंय तर २/३ ने भागायचं, आणि अपूर्णांकाने भागणं म्हणजे त्याच्या उलट्याने गुणणं, म्हणून दोन्ही बाजूंना ३/२ ने गुणा. क्ष = १४ × ३/२ = २१. ज्यांना हे एकदम झेपत नाही त्यांनी दोन भागात करा, आधी ३ ने गुणा मग २ ने भागा, उत्तर तेच येतं.

दोन फसवी गणितं

२० − क्ष = ८. हे वजाबाकीचं आहे म्हणून पोरं २० मिळवतात, क्ष = २८. पण इथे क्षमधून काही वजा केलेलं नाहीये, क्ष स्वतः वजा होतोय! म्हणून दोन्ही बाजूंना क्ष मिळवा, २० = ८ + क्ष, आणि आता हे नेहमीचं झालं, क्ष = १२. तसंच ३६/क्ष = ४ मध्ये क्ष खाली आहे, दोन्ही बाजूंना क्षने गुणा, ३६ = ४क्ष, क्ष = ९. खरं म्हणजे ही दोन्ही दोन स्टेपची आहेत, पण एका स्टेपवाल्यांच्या रांगेत गुपचूप बसलेली असतात म्हणून इथे सांगितली.

वहीत लिहायचं कसं

एका ओळीत एकच =, आणि खालच्या ओळीचं = वरच्याच्या बरोब्बर खाली. पोरं असं लिहितात: क्ष + ९ = २५ = २५ − ९ = १६. आता हे वाचा, यात २५ बरोबर १६ असं म्हटलंय! उत्तर बरोबर आहे पण लिहिलेलं खोटं आहे, आणि ही सवय नववीपर्यंत गेली की मोडायला फार जड जातं.

गोष्टीतली गणितं

शाब्दिक उदाहरण आलं की गोष्ट ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने लिहायची, सोडवायचं नंतर बघू. समजा मेट्रोच्या कार्डवरून सीताबर्डीला जाताना २० रुपये कापले गेले आणि ११५ उरले, तर आधी किती होते? "उरले" शब्द दिसला की पोरं वजाबाकी करून ९५ सांगतात. पण गोष्ट अशी घडली: आधी क्ष होते, २० गेले, ११५ राहिले. क्ष − २० = ११५. म्हणून मिळवायचे, क्ष = १३५. गोष्टीत वजाबाकी आहे म्हणूनच सोडवताना बेरीज आहे, हे पोराला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.

तर्री पोह्याच्या ४ प्लेटचे १२० झाले तर ४क्ष = १२०, एक प्लेट ३० ला. संत्री ५ घरांत सारखी वाटली आणि प्रत्येकाला १८ मिळाली तर क्ष/५ = १८, एकूण ९०.

जरा खरे आकडे घेऊ. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. त्यातला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मग तेव्हा किती रस्ता व्हायचा होता? ५२० + क्ष = ७०१, क्ष = १८१ किलोमीटर, जो टप्प्याटप्प्याने होत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. आता नागपूरहून शिर्डीला ताशी सरासरी ८० ने गेलो तर किती तास? वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, ८०क्ष = ५२०, क्ष = ६.५. आणि हे ६ तास ५० मिनिटं नाही हं, साडेसहा तास, ६ तास ३० मिनिटं. समीकरण बरोबर सोडवून इथे मार्क घालवणारी पोरं मी बघितली आहेत.

पुढे सायन्समध्ये हेच कामी येतं. केल्विन तापमान म्हणजे सेल्सिअस अधिक २७३.१५. मे महिन्यात आपल्याकडे कूलरसमोर बसून कोणी म्हणालं की बाहेर ३१८.१५ केल्विन आहे, तर क्ष + २७३.१५ = ३१८.१५, म्हणजे ४५ डिग्री, नेहमीचंच. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध, यातल्या दोन गोष्टी दिल्या आणि तिसरी विचारली की ते एका स्टेपचंच समीकरण असतं, म्हणून ज्याचं हे पक्कं झालं त्याला फॉर्म्युल्याचे तीन-तीन प्रकार पाठ करायची गरज पडत नाही.

आता तुम्ही करा

उत्तरं खाली आहेत पण आधी झाकून ठेवा, आणि प्रत्येकाचा पडताळा करूनच उत्तर बघा, पडताळा जुळला तर माझी उत्तरं बघायची गरजच नाही.

१) क्ष + १७ = ४०
२) क्ष − ३.५ = ६
३) ९क्ष = ६३
४) क्ष/६ = −५
५) −४क्ष = २२
६) ११ = क्ष + १५
७) (३/४)क्ष = १८
८) १५ − क्ष = २१

उत्तरं: २३, ९.५, ७, −३०, −५.५, −४, २४, −६.

पाचवं चुकलं तर ऋण सहगुणकवाला भाग परत वाचा. सहावं चुकलं तर बहुतेक तुम्ही १५ मधून ११ काढलेत, ११ मधून १५ काढायचे होते. आठव्यात ३६ आलं असेल तर फसव्या गणितांकडे परत जा, क्ष तिथे वजा होतोय, आणि १५ मधून काहीतरी वजा करून २१ यायचे असतील तर ते काहीतरी शून्यापेक्षा लहानच असणार.